तटबंदीच्या गावातील संत तेरेजा

स्पेनमधील आविला शहराभोवती सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा, ९ वेशींचा दगडी तट आजही उभा आहे. याच गावी १५१५ साली संत तेरेजा हिचा जन्म झाला. लहानपणी हुतात्मा होण्यासाठी ती भावासोबत घरातून पळाली. काकांनी दोघांना परत आणले. १५३५ साली तिने कार्मेल मठात प्रवेश केला. तरीही पुढे कित्येक वर्षे तिचे मन प्रार्थनेत रमेना. १५५४ साली जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे ती ढसाढसा रडली आणि तिचे जीवन पालटले. १५६२ पासून तिने १७ मठ स्थापन केले. १५७७ साली लिहिलेल्या ग्रंथात तिने आत्म्याला किल्ल्याची उपमा दिली. प्रार्थना हे त्याचे प्रवेशद्वार. आपण दर रविवारी देवळाच्या दारातून आत येतो. या दारातून कधी शिरणार?