जपानचा हिरो, जो जपानी नव्हताच

तुम्ही डब्ल्यूडब्ल्यूई बघत असाल, तर ते सगळं खोटं असतं हे ज्ञान तुम्हाला आयुष्यात निदान शंभर वेळा फुकट मिळालं असेल. आईने दिलं असेल, शेजारच्या काकांनी दिलं असेल. तालमीत जाणाऱ्या मित्राने तर नुरा कुस्ती म्हणून सरळ हिणवलं असेल. जसं काही आपल्याला ते माहीतच नसतं! मंगळवारी सकाळी लेक्चरला दांडी मारून 'रॉ' बघणाऱ्याला निकाल आधीच ठरलेला असतो हे चांगलं ठाऊक असतं. २०२५ मध्ये जॉन सीना एकाएकी हील झाला, तेव्हाही ते कुणीतरी लिहिलंय हे माहीत असूनच आपण चिडलो. (पुढे ते वळण नीट निभावलं नाही असं माझं ठाम मत आहे, पण त्यावर वेगळं पान भरेल.)

हील म्हणजे खलनायक, बेबीफेस म्हणजे नायक, आणि ही बतावणी रिंगबाहेरही खरी असल्यासारखी वागवत राहणं म्हणजे केफेब. आता केफेब जवळपास संपलंय. रिंगमधले हाडवैरी रात्री इन्स्टावर एकत्र पिझ्झा खाताना दिसतात. म्हणूनच तुम्हाला एका अशा माणसाबद्दल सांगायचंय, ज्याने केफेब मरेपर्यंत पाळलं. त्याचं खोटं कुस्तीच्या निकालाबद्दल नव्हतं. ते स्वतःच्या नावाबद्दल आणि गावाबद्दल होतं. माणसाचं नाव रिकिदोझान. जपानी प्रोरेसलिंगचा बाप. शिन्सुके नाकामुरा तुम्हाला आवडत असेल, तर तो ज्या घराण्यातून आला त्याचा मूळपुरुष हाच.

त्याचं खरं नाव किम सिन-राक. जन्म १९२४ चा, कोरियातल्या दक्षिण हामग्योंग प्रांतातला, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातला. तेव्हा उत्तर-दक्षिण असं काही नव्हतं. १९१० पासून अख्खा कोरिया जपानच्या ताब्यात होता. मुलगा अंगापिंडाने दणकट, कोरियन कुस्तीत नाव काढलेलं. सुमोसाठी पोरं हेरणाऱ्यांच्या नजरेत भरला आणि जपानला आला. १९४० मध्ये निशोनोसेकी नावाच्या सुमोच्या तालमीतून तो पहिल्यांदा आखाड्यात उतरला. रिकिदोझान हे त्याचं आखाड्यातलं नाव.

हे तेच वर्ष, जेव्हा जपानी सरकारने कोरियन लोकांना जपानी नावं घ्यायला लावायला सुरुवात केली. त्यामुळे त्याचं नाव बदलणं हा त्याच्या एकट्याचा आगाऊपणा होता असं समजू नका. हळूहळू कागदोपत्री तो नागासाकीजवळच्या ओमुराचा झाला आणि पुढे त्याचं अधिकृत नाव मित्सुहिरो मोमोता असं पडलं. किम सिन-राक कुठेच उरला नाही.

सुमोत तो सेकिवाकेपर्यंत चढला. वरून तिसरी पायरी. त्याच्या वर फक्त ओझेकी आणि योकोझुना. आणि १९५० मध्ये, पंचविशीत, त्याने सुमो सोडलं. कारणं बरीच सांगितली जातात: आजारपण, पैशांवरून गुरूशी झालेलं भांडण, आणि परक्या रक्ताच्या माणसाला आणखी वर चढू देणार नाहीत ही खात्री. सुमो पैलवानाची शेंडी निवृत्तीच्या वेळी समारंभ करून, मानाच्या माणसांच्या हस्ते कापतात. याने म्हणे रात्री घरीच सुरी घेतली आणि स्वतःच्या हाताने कापून टाकली.

मग काही काळ एका बांधकाम कंपनीत नोकरी, रात्री दारू, मारामाऱ्या. १९५१ मध्ये अमेरिकी पैलवानांचा एक ताफा जपानमध्ये आला. देश तेव्हा अमेरिकी फौजेच्या ताब्यात होता. त्या ताफ्यात हॅरल्ड साकाता होता. त्याला तुम्ही ओळखता, पण वेगळ्या रूपात. जेम्स बाँडच्या 'गोल्डफिंगर'मध्ये टोपी फेकून मारणारा ऑडजॉब, तोच हा. त्याआधी लंडन ऑलिंपिकचा वेटलिफ्टिंगमधला रौप्यविजेता. या मंडळींनी रिकिदोझानमधलं पाणी ओळखलं. ऑक्टोबर १९५१ मध्ये बॉबी ब्रन्सविरुद्ध त्याची पहिली लढत झाली, बरोबरीत सुटली. पुढे हवाईत जाऊन तो शिकला आणि परत येऊन १९५३ मध्ये त्याने जपानची स्वतःची रेसलिंग संघटना उभी केली.

आता १९ फेब्रुवारी १९५४. तोक्यो, कुरामाए कोकुगिकान. या तारखेवर जरा थांबा, कारण इथेच सगळी गंमत आहे.

जपानमध्ये टीव्ही येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. एका सेटची किंमत साध्या नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. म्हणून निप्पॉन टीव्हीने चौकाचौकांत, स्टेशनांबाहेर उंचावर सेट लावले होते. आपल्याकडे वर्ल्डकप फायनलला चौकात स्क्रीन लावतात ना, तसंच, फक्त स्क्रीन अगदी छोटा. त्या रात्री शिम्बाशी स्टेशनसमोर वीसेक हजार लोक जमले होते असं सांगतात. मागच्यांना काय डोंबल दिसलं असेल? तरी हलले नाहीत.

रिंगमध्ये एका बाजूला बेन आणि माइक हे शार्प बंधू, साडेसहा फुटांच्या आसपासचे गोरे धिप्पाड. दुसऱ्या बाजूला त्यांच्या खांद्यालाही न पोचणारे रिकिदोझान आणि ज्युदोचा दिग्गज मासाहिको किमुरा. शार्प बंधूंनी किमुराला मनसोक्त चोपलं. मग रिकिदोझान आत आला आणि त्याने आपल्या प्रसिद्ध कराटे चॉपनी त्या दोघांना झोडपायला सुरुवात केली. उघड्या पंजाची कड, सटासट छातीवर. युद्ध हरलेला देश, हिरोशिमा-नागासाकी बघितलेला देश, परक्या फौजेचा ताबा संपून दोन वर्षंही न झालेला देश! चौकाचौकांत माणसं रडत होती, नाचत होती. अमेरिकेला कुणीतरी मारत होतं.

आता हिशेब करा. शार्प बंधू अमेरिकी नव्हते, ते कॅनडाचे. मारणारा जपानी नव्हता. तो कोरियन, आणि तोही जपानने गुलाम केलेल्या कोरियातला. जपानविरुद्ध अमेरिका असा जो सामना लाखो लोकांनी बघितला, त्यात अमेरिकी एकही नव्हता आणि जपानी एकच होता: किमुरा. ज्याच्या वाट्याला मार खायचं काम आलं होतं.

किमुराची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ब्रॉक लेस्नरचा किमुरा लॉक माहितीय? हात मागे पिरगाळून खांदा निखळवणारा? ते नाव या माणसावरून पडलं. १९५१ मध्ये त्याने ब्राझीलमध्ये हेलिओ ग्रेसीला याच डावाने हरवलं होतं. खऱ्या कुस्तीत रिकिदोझान त्याच्यापुढे कितपत टिकला असता, यावर चाहते आजही वाद घालतात. पण टॅग टीममध्ये सतत दुय्यम भूमिका मिळाल्याने किमुरा चिडला आणि त्याने रिकिदोझानला जाहीर आव्हान दिलं. २२ डिसेंबर १९५४ ला दोघे समोरासमोर आले. किमुराने पुढे सांगितलं त्यानुसार आधी ठरलं होतं ते असं की ही लढत बरोबरीत सोडवायची आणि नंतरच्या लढतींत आळीपाळीने जिंकायचं. नुरा कुस्तीच, पण दोघांच्या संमतीने.

सामना सुरू झाल्यावर बराच वेळ सगळं ठरल्यासारखं चाललं. मग अचानक रिकिदोझानने खरे फटके मारायला सुरुवात केली. किमुराला काय चाललंय ते कळायच्या आत तो रक्तबंबाळ होऊन मॅटवर पडला होता. सोळा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. रिकिदोझानचं म्हणणं होतं की किमुराने आधी नको तिथे लाथ मारली. तुम्ही चाहते म्हणून कुणाची बाजू घ्याल ते घ्या. मला हा विश्वासघात वाटतो. ज्या धंद्यात समोरचा तुमच्या भरवशावर आपलं अंग सैल सोडतो, तिथे असं करणं हे कुठल्याही हीलच्या खुर्चीच्या फटक्यापेक्षा वाईट. पण त्या रात्रीनंतर जपानमध्ये नंबर एक कोण, हा प्रश्न उरला नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं त्याचीच. १९५५ मध्ये तोक्योत त्याने किंगकाँगला हरवून आशियाई विजेतेपद मिळवलं. हा किंगकाँग म्हणजे तोच, ज्याला दारासिंगने मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये लोळवलं. घरी आजोबा असतील तर विचारून बघा, डोळे चमकतील. १९५७ मध्ये जगज्जेत्या लू थेझविरुद्ध तासभराची बरोबरी झाली, तेव्हा टीव्ही असलेल्या शंभरातल्या ८७ घरांत तोच सामना चालू होता. आज कुठल्याही मालिकेला स्वप्नातही असा आकडा दिसणार नाही. १९६२ मध्ये फ्रेड ब्लासी रिंगमध्ये चावून रक्त काढायचा, ते बघून काही म्हाताऱ्या प्रेक्षकांनी धसक्याने प्राण सोडल्याच्या बातम्या छापून आल्या.

पैसा आला. शिबुयात रिकी स्पोर्ट्स पॅलेस उभा राहिला, स्वतःच्या नावाची अपार्टमेंट्स झाली. सोबत दारू आली, गुंडांशी ऊठबस आली, संताप वाढला. शिष्यांना तो अक्षरशः बदडायचा, सगळ्यात जास्त बहुतेक अंतोनिओ इनोकीला. ब्राझीलमध्ये कॉफीच्या मळ्यात राबणाऱ्या या पोराला रिकिदोझाननेच हेरून आणलं होतं. दुसरा शिष्य जायंट बाबा, आधीचा बेसबॉल खेळाडू. दोघांचं पदार्पण एकाच दिवशी, ३० सप्टेंबर १९६० ला. त्या दिवशी इनोकीला ज्याने हरवलं तो तिसरा शिष्य, किंतारो ओकी, मूळचा कोरियातला किम इल. रिकिदोझानची कीर्ती वाचून तो बेकायदा समुद्र ओलांडून जपानला आला, पकडला गेला आणि रिकिदोझानच्या वजनामुळे सुटला. आपला हिरो खरा कुठला आहे ही कुजबुज कोरियन लोकांमध्ये होतीच, असा त्याचा अर्थ. जपानी प्रेक्षकाला मात्र ती ऐकू येत नव्हती. आणि ऐकायचीही नव्हती, असं मला वाटतं.

जानेवारी १९६३ मध्ये तो दक्षिण कोरियाला गेला. तिथे जंगी स्वागत झालं. दोन कोरियांच्या सीमेवर, पानमुनजोमलाही तो जाऊन आला. तिथून पलीकडे त्याचं जन्मगाव, जिथे पाय ठेवणं आता अशक्य. जपानी वर्तमानपत्रांत या दौऱ्याबद्दल जवळपास शांतता होती. विचार करा, देशातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस परदेशात जातो आणि बातमी होत नाही. केफेब तो एकटा पाळत नव्हता.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, तोक्योतल्या अकासाका भागातल्या न्यू लॅटिन क्वार्टर नाइटक्लबमध्ये, बुटावर पाय पडल्यासारख्या फालतू कारणावरून त्याचं याकुझा टोळीतल्या एका तरुणाशी वाजलं. त्याने पोटात चाकू खुपसला. जखम सुरुवातीला फार मोठी वाटली नाही, ऑपरेशनही झालं. पण पोटात संसर्ग पसरला आणि १५ डिसेंबरला रिकिदोझान गेला. वय ३९. शोक झाला तो नागासाकीच्या सुपुत्राचा.

१९७२ मध्ये बाबा आणि इनोकीने आपापल्या कंपन्या काढल्या, ऑल जपान आणि न्यू जपान. नाकामुरा घडला तो न्यू जपानमध्ये. मोहम्मद अलीशी १९७६ मध्ये लढला तो हाच इनोकी. गुरूचं मूळ जपानी वाचकांपुढे उघडपणे यायला मृत्यूनंतर दीडेक दशक जावं लागलं. मग उत्तर कोरियानेही त्याला आपला राष्ट्रीय हिरो करून टाकलं: जपानमध्ये राहून अमेरिकेला बडवणारा कोरियन. म्हणजे तोच सामना, तेच फटके, फक्त झेंडा बदलला. एप्रिल १९९५ मध्ये इनोकी प्योंगयांगच्या प्रचंड मे डे स्टेडियममध्ये रिक फ्लेअरशी लढला, गुरूच्या जन्मभूमीत. तिथल्या बहुतेक प्रेक्षकांनी प्रोरेसलिंग त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. सुरुवातीला कुठे टाळ्या वाजवायच्या तेही त्यांना कळत नव्हतं.

रिकिदोझान-किमुरा लढतीचं जुनं, पांढरट फुटेज आजही बघायला मिळतं. बघाल तेव्हा शेवटच्या मिनिटात रिकिदोझानकडे बघू नका, सगळे तिकडेच बघतात. किमुराचे हात बघा. फटके पडायला लागल्यावरही ते काही क्षण अर्धवट उघडे, खालीच आहेत.