सातबाऱ्यावरच्या नावामागे

वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर भावांबरोबर आपलंही नाव लागतं. मैत्रिणींनो, ते आपोआप आलेलं नाही. त्यापायी एका माणसानं मंत्रिपद सोडलं, आणि लगेचच्या निवडणुकीत पराभवही पाहिला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१४ एप्रिल १८९१ला महू इथे जन्मलेल्या बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. पण बायकांची बाजू ते त्याआधीपासून मांडत होते. कामगार बाईला बाळंतपणात आर्थिक मदत मिळावी, म्हणून १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात ते बोलले होते.

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतलं. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, एक बायको असताना दुसरी करायला बंदी, नांदणं अशक्य झालं तर घटस्फोट. आज साध्या वाटणाऱ्या या गोष्टींवर तेव्हा केवढा गदारोळ झाला! चर्चा लांबत गेली आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बिल बाजूला पडलं. बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणं आणखीही होती, पण हे दुखणं मोठं होतं.

पाठोपाठ पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे ते उत्तर मुंबईतून राखीव जागेवर उभे राहिले. तब्येत साथ देत नव्हती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी निवडून आले. सव्वा लाखाच्या आसपास मतं मिळूनही घटनेच्या शिल्पकाराला पहिल्या लोकसभेत जागा मिळाली नाही.

त्याच निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून गळली. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच त्यांनी सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलंच नाही, म्हणून! ज्यांच्या हक्कासाठी भांडण चाललं होतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणींना साधं मतही देता आलं नाही.

बाबासाहेब १९५२ मध्येच राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हरले. बिलाचे मात्र भाग पाडून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले. ६ डिसेंबर १९५६ला ते गेले, तेव्हा वारसा कायद्याला सहा महिनेही झाले नव्हते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देशभर मिळायला तर २००५ साल उजाडलं.

कुणी हक्कसोडपत्रावर सही मागितली, तर करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आपण काय सोडतोय, आणि ते आपल्याला मिळावं म्हणून कुणी काय सोडलं होतं, एवढं आधी आठवा.