हाफकिनसाहेब

कऱ्हा नदींतील दगडावरून ज्याचा पाय निसटला नाहीं असा बारामतीचा विद्यार्थी विरळा! तो बुळबुळीत थर म्हणजे स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यांत वसलेली सूक्ष्म जीवांची वस्ती होय. प्लेगचे जंतुही असेच एकत्र राहतात.

हाफकिनसाहेबांचा जन्म १८६० सालीं ओडेसा येथें यहुदी कुटुंबांत झाला. पॅरिस येथें पाश्चरच्या संस्थेंत त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां ते ग्रँट मेडिकल कॉलेजांत कामास लागले. मांसरसाच्या कुपींत ते तुपाचे थेंब तरंगत सोडीत. कुपी निश्चल राहिली म्हणजे थेंबांखालीं झुंबराच्या लोलकांसारखे जंतूंचे पुंजके लोंबूं लागत; किंचित् धक्क्यानें ते तुटून तळाशीं जात. हे जंतु उष्णतेनें मारून लस होई. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं प्रथम स्वतःस टोचून घेतली.

पिसवेच्या जठराच्या तोंडाशीं हेच जंतु गोळा होऊन वाट अडवितात व उपाशी पिसू पुनःपुन्हां चावते, हें १९१४ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं दिसून आलें.

मध्यंतरीं, १९०२ सालीं, पंजाबांतील मुलकोवाल येथें लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. सर्व दोष साहेबांच्या माथीं आला. कुपी गांवांत उघडतांना दूषित झाली असावी, असें तज्ज्ञांचें मत पडलें. तरी दोषमुक्त होण्यास १९०७ साल उजाडलें. हा विलंब आम्हांस फार लागतो. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव मिळालें. १९३० सालीं ते लोझान येथें वारले.