रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि आमचा वाङ्मयाचा तास

नवव्या इयत्तेच्या मराठी वाङ्मयाच्या पाठांची आंखणी करतांना यंदा आम्हीं एक नवी रीत धरिली आहे. क्रमिक पुस्तकाचे पाठ नेहमींप्रमाणें चालतीलच; परंतु आठवड्यांतील एक तास मोकळा ठेवून तो पहिल्या सत्रभर एकाच कवीस द्यावा, त्याचें चरित्र थोडथोडें सांगत जावें, आणि ज्या आठवड्यास आयुष्याचा जो भाग येईल त्याला लागून कांहीं वाचन व एक गृहपाठ द्यावा, असें आम्हीं ठरविलें. कवि शोधण्यास फार दूर जावें लागलें नाहीं. ज्यांनीं आयुष्याचीं सुमारें वीस वर्षें आपल्याच नगरांत, म्हणजे आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या शहरांत व आसपास, घालविलीं, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांसच आम्हीं निवडलें. तें चरित्र व त्याबरोबरची आंखणी वर्गापुढें येण्यापूर्वीं पालकांच्याही दृष्टीखालून जावी, म्हणून येथें देत आहों.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें, चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते; स्वभाव मोठा कडक. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेल्या. मुलगा आईच्या ओढीनें वाढला, आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास आई वारली तेव्हां त्याला घरीं बांधून ठेवणारें कांहीं उरलें नाहीं. कवितेचें वेड अशा रीतीनें आईकडून मुलाकडे येतें, शाळेकडून पुष्कळदां येत नाहीं, हें आम्हां शिक्षकांस मान्य करावें लागतें. म्हणून पहिल्या आठवड्यास आम्ही पुस्तक उघडणारच नाहीं. प्रत्येक विद्यार्थ्यानें घरांतील वडील बाईमाणसापाशीं बसून जात्यावरची एखादी ओवी किंवा पाळण्याचें गाणें उतरून आणावें, तिच्या तोंडीं जसा उच्चार असेल तसाच, एक अक्षरही शुद्ध न करितां. घरीं आजी नसल्यास शेजारची आजी चालेल. चित्रपटांतील पद मात्र चालणार नाहीं.

आईवांचून पोरका झालेला नारायण घर सोडून पायीं नाशिकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं त्यानें संस्कृत काव्याचें अध्ययन केलें. इंग्रजी शाळेंत दोन-तीन वर्षें काढलीं. पण तें शिक्षण पुरें झालें नाहीं. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशीं त्यांचा विवाह झाला, तेव्हां वधूचें वय अकरा वर्षांचें होतें. याच पुढें लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाल्या. लग्नानंतर संसार एके जागीं थारला नाहीं. कोठें शाळामास्तर, कोठें पुराणिक, कोठें छापखान्यांत खिळे जुळविणारे, असे टिळक गांवोगांव फिरले. १८९१ च्या सुमारास ते नागपुरांत होते आणि आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम पाहत होते.

टिळकांस फुलामुलांचे कवि म्हणतात. त्यांची केवढें हें क्रौर्य ही कविता आजोबांनीं पाठ केली, बापांनीं केली, आणि आतां मुलें करितात. पण पाठ करणें आणि वाचणें यांत अंतर आहे. मारेकऱ्याच्या हातून घायाळ झालेली पक्षीण पिलांपर्यंत कशीबशी पोंचते, चोंचींतील शेवटचा घांस त्यांस देते आणि प्राण सोडते, इतकीच गोष्ट. कविता पृथ्वी वृत्तांत आहे; सतरा अक्षरांची ओळ. या वृत्ताची चाल कांहींशी ठेंचकाळत, पुन्हां उसळून पुढें जाणारी आहे, आणि पांखराचें पडणें-उठणें तींत आपोआप ऐकूं येतें. दोन आठवडे आम्ही या एका कवितेस देणार. पहिल्या आठवड्यांत केवळ मोठ्यानें वाचन व लघु-गुरूंच्या खुणा. दुसऱ्यांत गृहपाठ असा, कीं अंगणांतलें किंवा शाळेच्या आवारांतलें एखादें पांखरूं पाव घटका नीट पाहावें आणि तें काय करीत होतें तेवढेंच दहा ओळींत लिहावें. दयेवर निबंध कोणी लिहूं नये. दयेवरचे निबंध आम्हीं इतके तपासले आहेत, कीं त्यांपैकीं एकांतही पक्षी असल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

१८९३ सालीं टिळक राजनांदगांव संस्थानांत नोकरीसाठीं निघाले असतां आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन प्रवाशाशीं त्यांचें बोलणें निघालें. प्रथम विषय संस्कृत कवितेचा होता. तेथून बोलणें धर्माकडे वळलें, आणि उतरतांना त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनीं ती प्रथम कर्तव्य म्हणून वाचावयास घेतली. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर तें पुस्तक त्यांच्यानें खालीं ठेववेना. पुढें ज्ञानोदय पत्राशीं व डॉक्टर जस्टिन ॲबट यांच्याशीं पत्रव्यवहार झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस रेव्हरंड तुकारामजी नथोजी या एतद्देशीय पाळकांच्या हस्तें त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळीं याचा अर्थ काय होत असे, हें आजच्या मुलांस समजावून सांगावें लागेल. आप्त तुटले, मित्र तुटले. लक्ष्मीबाई लहान मुलास घेऊन साडेचार वर्षांच्या आसपास पतीपासून दूर, माहेरच्या माणसांत व पंढरपुरास राहिल्या. नंतर त्या नगरास आल्या त्याही प्रथम सोंवळें संभाळून. आणि १९०० सालीं राहुरी येथें त्यांनीं आपल्या मनानें, कोणाच्या आग्रहावांचून, बाप्तिस्मा घेतला.

नगरांत टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणशाळेंत शिकवीत. डॉक्टर ह्यूम यांचा तेथें त्यांस सहवास मिळाला. १९०४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. ज्या वेळीं ते आले, त्या वेळीं नगरच्या ख्रिस्ती समाजाजवळ गीतें नव्हतीं असें नाहीं. रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांनीं फार पूर्वींच कष्टानें गीतें रचिलीं होतीं, आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडिली होती. परंतु रविवारच्या उपासनेंत बव्हंशीं विलायती चालीच चालत. शब्द मराठी, आणि श्वास घेण्याची जागा इंग्रजी, असा तो प्रकार. १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनेक पोरकीं मुलें मिशनच्या आश्रयास आलीं. त्यांच्या कानांत गांवाकडचें भजन होतें, टाळ होता. त्यांस देवाचें नांव ज्या सुरांत घेतां येत होतें तो सूर टाकावयास लावून दुसरा शिकवावा काय, हा प्रश्न टिळकांनीं उभा केला, आणि त्याचें उत्तर अभंग व पदें रचून दिलें. आपण तुकोबांच्या वाटेनें ख्रिस्ताकडे आलों, असें ते उघड म्हणत. यामुळें त्यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली. जुन्या जातभाईंस ते परके झाले होते. आणि कांहीं ख्रिस्ती मंडळींस त्यांच्या टाळमृदंगांत जुन्या धर्माचा वास येत होता. टिळकांनीं टाळ खालीं ठेविले नाहींत. आज उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकांत त्यांचीं पुष्कळ गीतें आहेत, आणि तीं म्हणतांना कोणास कसलाही वास येत नाहीं.

येथेंच आमच्या आंखणीविषयीं पालकांच्या मनांत शंका येण्याचा संभव आहे. ख्रिस्ती शाळेंतील मुलांनीं वाङ्मयाच्या तासास ज्ञानेश्वर-तुकाराम कां वाचावे, असें एक विचारतील. हिंदु अथवा मुसलमान मुलांस धर्मांतर केलेल्या कवीचें चरित्र कां सांगावें, असें दुसरे विचारतील. दोघांसही आमचें उत्तर एकच आहे: वाङ्मयाच्या तासास वाङ्मय शिकविलें जाईल. टिळकांच्या अभंगाचा घाट कळावयाचा असेल तर तुकोबांचा अभंग शेजारीं ठेवावाच लागतो. आणि मराठी कवितेचा इतिहास सांगतांना टिळकांस वगळणें हें अज्ञान होईल. कोणी काय मानावें हें शिकविण्याचा अधिकार या तासास नाहीं, आणि तो आम्ही घेणारही नाहीं.

शिवाय आपल्या जिल्ह्यांतील मुलांस या विषयांत एक भाग्य लाभलें आहे, तें बहुधा त्यांस ठाऊक नसतें. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें, १२९० सालीं. संतांचीं चरित्रें ओंवींत गुंफणारे महीपति राहुरी तालुक्यांतील ताहराबादचे. त्यांचा भक्तिविजय १७६२ चा. डॉक्टर ॲबट यांनीं पुढें महीपतींच्या ग्रंथांचें इंग्रजी भाषांतर करून ते परदेशांत पोंचविले. आणि गोव्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालींच छापलें गेलें, तेंही ओंवींतच. टिळकांनीं ख्रिस्तचरित्रासाठीं ओंवी घेतली ती अशा रीतीनें मळलेल्या रस्त्यावरची होती. यासाठीं चार आठवडे राखून ठेविले आहेत, आणि ते कमी पडतील असेंच वाटतें. ओंवीचे साडेतीन चरण कसे, शेवटचा आंखूड कां. मोठ्या अभंगांत सहा, सहा, सहा व चार अक्षरें, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचें यमक, हें फळ्यावर मांडावयास एक तास पुरे. त्यानंतरचा गृहपाठ असा, कीं आपापल्या घरच्या रोजच्या गोष्टीवर, पाण्याच्या टांकीवर, एस्. टी.च्या गर्दीवर, कांद्याच्या भावावर, एक अभंग रचून आणावा. अक्षरें मोजून बसलीं पाहिजेत. गुण अक्षरांस आहेत, भक्तीस नाहींत. पहिल्या आठवड्यास उतरून आणलेल्या ओव्याही येथें पुन्हां काढावयाच्या आहेत; आजीचे चरण मोजून पाहिले म्हणजे कोणती जागा गळ्यानें भरून काढिली आहे तें मुलांस आपोआप कळेल.

टिळकांचें घर म्हणजे धर्मशाळा होती. अनाथ मुलें, पाहुणे, नवशिके कवि, सर्वांस तेथें आसरा मिळे, आणि त्यांच्यासाठीं चूल पेटती ठेवण्याचें काम लक्ष्मीबाईंचें असे. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. तेथें सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलानें कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर यांनीं त्यास बालकवि ही पदवी दिली. टिळकही त्या संमेलनास होते. पुढें हा मुलगा नगरास टिळकांच्या घरीं कांहीं काळ येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनीं त्यास पोटच्या पोराप्रमाणें वागविलें. नवख्या कवीस घर मिळणें ही गोष्ट वृत्तविचार शिकविण्याहून मोठी असावी. १९१८ सालीं खानदेशांत भादली स्टेशनाजवळ बालकवि आगगाडीखालीं सांपडून गेले; त्यांचीं अठ्ठावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. १९१२ पासून टिळकांकडे ज्ञानोदयाच्या मराठी भागाचें संपादन होतें. हें पत्र १८४२ सालीं नगरांतच जन्मलें होतें. दर आठवड्यास मजकूर तयार हवा, या शिस्तींत टिळकांसारखा लहरी माणूस मरेपर्यंत राहिला, याचें आम्हांस नवल वाटतें.

कारण लहरी ते होतेच. एकदम पैसे वांटून मोकळें व्हावें, नोकरी सोडून चालूं लागावें, रागावावें आणि मग पश्चात्ताप करावा, नवें काम हौसेनें आरंभून जुनें अर्ध्यावर ठेवावें, हें सर्व लक्ष्मीबाईंनीं आपल्या स्मृतिचित्रें या ग्रंथांत कांहींएक न लपवितां, आणि कोठेंही कडवट न होतां, लिहून ठेविलें आहे. तो ग्रंथ १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झाला. ज्या बाईंनीं शाळेचें तोंड जवळजवळ पाहिलें नव्हतें, लिहिणें-वाचणें ज्या घरींच शिकल्या, त्यांचें मराठी गद्य आज पदवीच्या वर्गांस लावतात. मोठ्या माणसाचें चरित्र कसें लिहावें याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं. म्हणून दोन आठवडे टिळकांस बाजूस ठेवून त्यांच्या पत्नीचें पुस्तक वाचावयाचें, आणि गृहपाठ म्हणून आपल्या घरांतील एका माणसाविषयीं एक पान लिहावयाचें. त्यांत त्या माणसाचा एक दोष आलाच पाहिजे, आणि तें पान त्या माणसास वाचून दाखवितां आलें पाहिजे. पालकांनीं याबद्दल मुलांवर रागावूं नये, अशी विनंति आहे.

१९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति पत्करली आणि साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार या नांवाचा बंधुसंघ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, जो ख्रिस्ताचा अनुयायी त्यास तेथें जागा असावी, असा त्यांचा विचार होता. तो पुरा अजमावून पाहण्याइतका अवधि त्यांस लाभला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेविला. १९०९ सालीं आरंभिलेलें ख्रिस्तायन अपुरेंच राहिलें. पहिल्या थोड्या अध्यायांपलीकडे तें गेलें नव्हतें. लक्ष्मीबाईंनीं तें पुढें हातीं घेतलें आणि साठांहून अधिक अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्याही गेल्या. अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनीं पुरा केला, आणि १९३८ सालीं ग्रंथ छापून निघाला.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यास या ग्रंथांतील दोन पानें वर्गांत वांटावयाचीं आहेत, एक टिळकांच्या हातचें, एक लक्ष्मीबाईंच्या. कोणतें कोणाचें हें मुलांस आधीं सांगावयाचें नाहीं. त्यांनीं दोन्ही मोठ्यानें वाचावीं, आणि संस्कृत शिकलेल्या माणसाची ओंवी कोणती व जात्यावर बसलेल्या बाईची कोणती हें कानांनीं ओळखून, कां ओळखलें तें पांच ओळींत लिहून द्यावें.