पेशींचा शिधा मोजणारा माणूस

पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत ‘ईगल’ हा शब्द सतत कानावर पडतो. पण त्या नावाचा एक माणूस होता, हे तिथे वावरणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते.

हॅरी ईगल यांचा जन्म १९०५ सालचा, न्यूयॉर्कमधला. जॉन्स हॉपकिन्समधून १९२७ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढची वीसेक वर्षे उपदंशाची रक्तचाचणी, रक्ताचे गोठणे आणि पेनिसिलिन यांत गेली. पेनिसिलिनची मात्रा फार वाढवली तर काही जंतू उलट सावकाश मरतात, हा चमत्कारिक प्रकार त्यांनी १९४८ मध्ये दाखवला. एवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते.

खरे काम पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झाले. शरीराबाहेर पेशी जगवणे तेव्हा पुष्कळ ठिकाणी हातगुणाचा मामला होता. कोंबडीच्या भ्रूणाचा अर्क, सीरम असे काहीबाही घालायचे. पेशी मेल्या तर कशावाचून मेल्या, हे सांगता येत नसे. ईगल यांनी उंदराच्या आणि ‘हेला’ या मानवी कर्करोगाच्या पेशी घेऊन एकेक घटक वगळून पाहिला. १९५५ मध्ये उत्तर आले : अमिनो आम्ले तेरा, काही जीवनसत्त्वे, क्षार, ग्लुकोज आणि थोडे सीरम. प्रौढ माणसाला आहारातून आठच अमिनो आम्ले लागतात, असे तेव्हा मानत. ग्लुटामिन तर शरीर स्वतःच बनवते. पण एकट्या पडलेल्या पेशीला यकृताचा आधार कुठला? १९५९ मध्ये त्यांनी अमिनो आम्लांचे प्रमाण वाढवून सुधारित कृती दिली. तेच ‘मिनिमम इसेन्शियल मीडियम’.

भुकटी त्यांची नव्हे, ती पुढची गोष्ट. पण घटक मोजके आणि माहीत होते, म्हणूनच ते कोरडे दळून बाटलीत भरता आले. भ्रूणाच्या अर्काची अशी भुकटी कोण हिशेबाने करणार? लिटरभर पाण्याला साधारण दहा ग्रॅम पुरते. सोडियम बायकार्बोनेट वेगळे घालतात आणि द्रव उकळत नाहीत, बारीक छिद्रांतून गाळतात. कारण उष्णतेने ग्लुटामिन नासते. पाण्यातही ते हळूहळू विघटतेच, म्हणून कोरडी भुकटी अधिक टिकते. लांबच्या प्रवासात पाण्याचे ओझेही वाचते.

सीरमची गरज मात्र ईगल यांना पुरती संपवता आली नाही. १९६१ मध्ये ते न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात गेले. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले ते १९८७ मध्ये, ऐंशी उलटल्यावर. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.