नाना फडणवीस आणि त्यांचें दप्तर

साताऱ्याशीं ज्या थोर पुरुषांचें नांव निगडित आहे त्यांत बाळाजी जनार्दन भानु ऊर्फ नाना फडणवीस यांची गणना प्रथम पंक्तींत केली पाहिजे. त्यांचा जन्म साताऱ्यास १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं झाला. घराणें मूळचें श्रीवर्धनचें आणि फडणिशी वंशपरंपरेची. वडील १७५६ सालीं वारले, तेव्हां चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं पेशव्यांच्या फडाची लेखणी आली. पानिपताच्या रणांतून १७६१ सालीं ते कसेबसे जीव घेऊन परतले. त्यांच्या मातोश्री मात्र त्या गर्दींत अंतरल्या त्या कायमच्याच. पुढील लढाया व तह यांचें वर्णन आमच्या वाचकांनीं शाळेच्या पुस्तकांत वाचलेंच आहे. तें सोडून, नाना ज्या कामांत वाढले त्या कागदांच्या कारभाराविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

फडणीस म्हणजे केवळ हिशेबनीस नव्हे. हुकूम, सनद वा नेमणूक फडांत नोंदल्याशिवाय पुरी होत नसे. पुण्याच्या हुजूर दप्तरांत दोनशेंहून अधिक कारकून बसत. परगण्यांतील कामाची वाटणी तर फारच विचारपूर्वक केलेली होती. मामलेदाराजवळ दरखदार नेमलेले असत. दिवाण पत्रांवर आपली सही करी. मुजुमदार हिशेब तपासून पुढें पाठवी. फडणीस त्यांवर तारीख घाली आणि रोजकीर्द लिही. दप्तरदार तिजवरून खतावणी करून दरमहा गोषवारा हुजुरास पाठवी. पोतनिसाकडे रोकडीचा हिशेब असे, तर नाणीं पारखणें पोतदाराकडे. यांपैकीं कोणासही काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. उलट त्याची लबाडी दिसल्यास ती वर कळविणें हें त्यांचें कर्तव्यच होतें.

आमच्या विद्यार्थ्यांस संगणकाच्या तासामुळें हें चटकन् समजेल. एखादी फाईल कोणीं केवळ वाचावी, कोणीं तींत लिहावें, कोणीं ती चालवावी, हें तेथें निरनिराळें ठरवितां येतें. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स रचणाऱ्यांनीं हीच वाट धरली. त्यांना नानांचें नांवही ठाऊक नसेल. पण अडचण एक, म्हणून उपायही मिळताजुळता. या उपायाची किंमतही दोन्हीकडे सारखीच. कागद जितक्या हातांतून जाईल तितका तो सुरक्षित, आणि तितकाच उशीरही.

तपासून झालेल्या कागदांत मागाहून भर पडूं नये म्हणून मजकूर संपला तेथें मोर्तब उठवीत, व लांब कागदाच्या सांध्यांवरही शिक्का मारीत. परंतु मधल्या अक्षराचें काय? ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नारायणरावांस धरण्याचा हुकूम राघोबादादांनीं दिला, आणि आनंदीबाईंनीं त्यांतील ध चा मा केला, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार ती सिद्ध मानीत नाहींत. तरी लोकांस ती खरी वाटली, याचें कारण उघड आहे. हुकूम लिहिला जाणें आणि तो अंमलांत येणें यांमधील थोडक्या वेळांत दगा शिरूं शकतो, हें सर्वांस कळत होतें. संगणकाचे जाणकारही आज तपासणी आणि वापर यांमधील त्याच फटीस भितात.

या खुनानंतर बारभाईंच्या कारस्थानांत नाना पुढें आले, आणि जवळजवळ वीस वर्षें मराठी राज्याचा कारभार त्यांच्या हातीं राहिला. दरबारोदरबारच्या बातम्या त्यांजकडे येत. त्यांचे गुण थोर होते, यांत शंका नाहीं. परंतु सवाई माधवरावांस त्यांनीं ज्या पहाऱ्यांत वाढविलें, तो आम्हांस कठोर वाटतो. जेथें प्रत्येकावर दुसऱ्याची नजर होती, तेथें खुद्द नानांवर नजर ठेवणारें कोणीच उरलें नाहीं. १७९५ सालीं तो तरुण पेशवा गेला. पुढल्याच वर्षीं तासगांवचे परशुरामभाऊ पटवर्धन, जे इतकीं वर्षें त्यांच्या बाजूचे, तेच विरुद्ध झाले, आणि नानांस महाडास जावें लागलें. १७९७ च्या अखेरीस शिंद्यांनीं त्यांस कैद केलें. १७९८ त ते सुटले, आणि १३ मार्च १८०० रोजीं पुण्यास वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत हुजूर दप्तराची आबाळ झाली.

वाईजवळ मेणवलीस कृष्णाकांठीं नानांचा वाडा व घाट आहे. घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिजवर बाळ येशूसह मरियेची आकृति आणि १७०७ हें साल आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत ती मिळाली असें सांगतात. सहलीस जाणाऱ्यांनीं ती अवश्य पाहावी. त्या वाड्यांतील दप्तर पुढें साताऱ्याचे इतिहाससंग्राहक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हातीं आलें. तिकडे मिरजेस वासुदेवशास्त्री खरे या शाळामास्तरांनीं पटवर्धनांचीं दप्तरें चाळून, १८९७ पासून त्यांतील पत्रें ऐतिहासिक लेखसंग्रह या नांवानें छापण्यास आरंभ केला. आणि जे कागद एके काळीं दोघांतिघांनींच पाहावयाचे होते, ते वाटेल त्या वाचकास खुले झाले.