करकरणारं दार

बचत गटाची बैठक संपली, हिशेब जुळले, की वह्या आवरता आवरता कुणीतरी हमखास विचारतं, ताई, कॉलेजात असताना तुम्ही गोष्टी लिहायच्या म्हणे, मग सोडलं का? मी हसून सांगते, अगं, संसाराच्या रगाड्यात कुठलं जमायला! वीस वर्षांत हे उत्तर इतकं गुळगुळीत झालंय, की त्यावर पुढं कुणी काही विचारत नाही. मीही स्वतःला कधी विचारलं नाही.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर बी.ए.च्या वेळचं ‘प्राइड अँड प्रिज्युडिस’ सापडलं. पानं पिवळी पडलेली, कडेला पेन्सिलीनं लिहिलेले मराठी अर्थ. तेव्हा जेन ऑस्टिन म्हणजे पेपरातला एक मोठा प्रश्न, बस्स. आता वाचलं तर पाच मुलींच्या लग्नाची धास्ती घेतलेली ती आई आमच्याच गल्लीतली वाटली. मग वाचनालयातून जेनचं चरित्र आणलं, आणि माझं ते उत्तर घशातच अडकलं.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५चा, इंग्लंडमधल्या स्टीव्हन्टन या खेड्यातला. वडील धर्मगुरू. सहा भाऊ आणि दोघी बहिणी, कॅसँड्रा मोठी. शाळा जेमतेम, पण घरात पुस्तकं भरपूर आणि ऐकणारी माणसंही. पंचविशीच्या आत तिच्याकडे तीन कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे तयार होते. १७९७मध्ये वडिलांनी त्यातल्या एकीबद्दल लंडनच्या प्रकाशकाला पत्र घातलं. त्यानं कादंबरी बघायलासुद्धा मागवली नाही, उलट टपाली नकार!

१८०१मध्ये वडील निवृत्त झाले आणि बिऱ्हाड बाथ शहरात हललं. १८०३मध्ये ‘सुझन’ नावाची एक कादंबरी १० पौंडांना विकली गेली. प्रकाशकानं जाहिरात केली, पण पुस्तक छापलंच नाही. १८०५मध्ये वडील गेले. आई आणि दोघी अविवाहित मुली, भावांच्या मदतीवर जगणाऱ्या. आज या घरात, उद्या त्या घरात. एक कादंबरी सुरू करून तिनं अर्ध्यावर टाकली. जवळजवळ दहा वर्षं लिखाण असं थबकलेलं.

मैत्रिणींनो, मी इथंच थांबले. हिला ना नवरा, ना मुलंबाळं, ना सासर. मग हिचं का बंद पडलं? १८०२मध्ये एका मोठ्या वाड्याच्या वारसानं तिला मागणी घातली होती. संध्याकाळी तिनं होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडता घातला. हक्काचं घर हातचं गेलं ते असं. (त्या रात्री तिच्या मनात काय चाललं असेल, यावरच एक कादंबरी होईल.) मला वाटतं, बाईचं लिहिणं निव्वळ संसारानं थांबत नाही. बसायला ठरलेली जागा नसेल, आणि आपण बसलो की हातातली कामं घेणारं कुणी नसेल, तर ते आटतं.

१८०९मध्ये एका श्रीमंत भावानं चॉटन गावातलं आपलं एक घर या मायलेकींना राहायला दिलं. सोबत मार्था लॉइड ही मैत्रीण. आणि घरात कामाची वाटणी झाली. जेनकडे फक्त सकाळचा नाश्ता आणि चहा-साखरेचा साठा. बाकी सगळं घर कॅसँड्रानं आणि मार्थानं उचललं. पुढं एकदा कॅसँड्रा बाहेरगावी गेली आणि घर जेनवर पडलं, तेव्हा डोक्यात मटण आणि औषधांचे डोस असताना लिहिणं अशक्यच वाटतं, अशा अर्थाचं तिनं बहिणीला कळवलं होतं!

लिहायला वेगळी खोली मात्र नव्हतीच. खिडकीजवळचं एक छोटं टेबल आणि चटकन लपवता येतील असे लहान कागद. ते टेबल चॉटनच्या त्याच घरात अजून आहे. घराचं आता संग्रहालय झालंय. तिथलं एक दार उघडताना करकरायचं. जेन त्याला तेल घालू द्यायची नाही, म्हणजे कुणी आलं की आधी कळायचं. ही आठवण तिच्या पुतण्यानं पन्नासेक वर्षांनी लिहून ठेवली. लहानपणी आपण तिला किती वेळा उठवलं असेल, याची रुखरुखही त्यात आहे.

आणि तिथं बसून तिनं आधी काय केलं? जुने खर्डे काढले. ज्या कादंबरीला १७९७मध्ये नकार मिळाला होता, तीच कापून, छाटून, नव्यानं बांधून १८१३मध्ये ‘प्राइड अँड प्रिज्युडिस’ म्हणून आली. त्याआधी १८११मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ निघाली होती, लेखिका म्हणून फक्त ‘एक स्त्री’ एवढंच छापून. पुस्तक आलं की घरच्यांची, शेजाऱ्यांची मतं ती टिपून ठेवायची, नावं ठेवणाऱ्यांचीसुद्धा. ‘पर्स्वेजन’चा शेवट १८१६च्या जुलैमध्ये लिहून झाला, पण तिला तो फिका वाटला. तब्येत ढासळत असताना तिनं तो नव्यानं लिहिला. टाकून दिलेली ती पानं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याच वर्षी ‘सुझन’ही तेवढ्याच १० पौंडांना परत विकत घेतली. ती छापलेली बघणं काही तिच्या नशिबी नव्हतं. १८ जुलै १८१७ला, अवघ्या ४१व्या वर्षी, विंचेस्टरला ती गेली. कॅथीड्रलमधल्या तिच्या थडग्यावरच्या दगडावर स्वभावाचं कौतुक आहे; ती पुस्तकं लिहायची, हा उल्लेखच नाही.

धाकट्या जावेला मी हे सगळं सांगितलं आणि धीर करून विचारलं, आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळचा स्वयंपाक घेशील का? ती म्हणाली, घेईन की, पण गोष्ट आधी मला वाचायला द्यायची. माळ्यावरून जुनी वही काढली. निम्मी पानं कसरीनं खाल्लीत. उरलेली सध्या वाचतेय.